शेंगदाण्याचं दही आणि छतावरचं ऊन: खान्देशात दुधाविना स्वयंपाकघर चालवताना

दूध सोडायचं का, याचं उत्तर गोठ्यातच मिळतं. गाय असो की म्हैस, व्यायल्याशिवाय ती दूध देत नाही. गाईचं गाभणपण साधारण 280 दिवसांचं, म्हशीचं 310 च्या आसपास. दूध चालू राहावं म्हणून तिला पुन्हा पुन्हा गाभण करावं लागतं, आणि होणाऱ्या वासरांत निम्मे नर असतात. पूर्वी गोऱ्हा औताला लागायचा. आता नांगरटीपासून पेरणीपर्यंत ट्रॅक्टर फिरतो, मग त्याला वैरण कोण घालणार? 2015 पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू कापायला बंदी आहे, पण म्हशीच्या जातीला ती लागू नाही. हेल्याचं पुढे काय होतं, हे गावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. शेतकरी निष्ठुर आहे म्हणून हे होत नाही. दुधाच्या धंद्याचं गणितच असं बसतं, आणि ते गिऱ्हाइकाच्या पिशवीपासून सुरू होतं.

खान्देशात एक मोठी सोय आहे. इथलं रोजचं जेवण दुधावर फारसं उभं नाही. कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत, डुबुकवड्या, शेवभाजी, बिबड्या, ठेचा, यातलं काहीच दुधावाचून अडत नाही. अडतं ते चहा, ताक-कढी, बट्टीवरचं तूप आणि पुरणाच्या मांड्यांसोबतचं दूध इथे. त्यातही दही जमलं की बाकीचं आपोआप सुटतं. त्यासाठी लागणारा भुईमूग आपल्याच मातीत पिकतो. बदामाच्या दुधाच्या महागड्या खोक्यांची काही गरज नाही.

दाणे आणि दूध

दाणे ताटात पसरून उजेडात निवडा. काळपट, हिरवट बुरशीचा, सुरकुतलेला किंवा चवीला कडू लागणारा दाणा फेकून द्या. भुईमुगावरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते उकळून जात नाही, म्हणून इथे काटकसर करू नका. पावसाळ्यात ओल लागलेल्या पोत्यातले दाणे तर दुधासाठी घेऊच नका. घरात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हा सगळा भाग सोडून नारळाच्या दुधाकडे वळा.

150 ग्रॅम दाणे कढईत मंद आचेवर पाचेक मिनिटं शेका. साल सुटेल एवढंच शेकायचं, दाणा तांबूस होऊ द्यायचा नाही. पुरता भाजला की दुधाला कुटाचा वास लागतो आणि तेल वर येतं. अजिबात शेकला नाही तर कच्चट वास राहतो. हाताने चोळून, सुपात पाखडून साल काढा आणि सहा तास भिजत घाला. एप्रिल-मेमध्ये चार तास पुरतात, आणि मध्ये एकदा पाणी बदलायचं. भिजवलेल्या पाण्यावर फेस आला, आंबूस वास सुटला, तर ते दाणे दुधाच्या कामाचे राहिले नाहीत.

चहाच्या दुधाला 150 ग्रॅम दाण्यांमागे एक लिटर पाणी, दह्याच्या दुधाला 600 मिलिलिटर. पहिल्यांदा त्यातलं फक्त 200 मिलिलिटर पाणी घालून वाटा. मिक्सर एका वेळी तीस सेकंदच फिरवायचा, मग थांबायचं, असं चार वेळा. जार हाताला गरम लागायला लागला तर थंड होऊ द्या. गरम झालेल्या दाण्याचं तेल सुटतं आणि मग दूध न होता जारच्या कडेला लोण्यासारखा चिकट थर बसतो. उरलेलं पाणी घालून एकदा फिरवा आणि धुतलेल्या जुन्या मलमलीतून पिळून गाळा. स्टीलच्या चहाच्या गाळणीने काम भागत नाही, बारीक कणी राहते आणि पुढे तीच बुडाला लागते.

हे दूध जाड बुडाच्या पातेल्यात सतत ढवळत उकळा. म्हशीच्या दुधासारखंच ते एकदम वर येतं, आणि बुडाला त्याच्यापेक्षा लवकर लागतं. उकळी आल्यावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ठेवा.

चहात हे दूध फाटतं अशी तक्रार सर्रास ऐकू येते. त्याचं कारण असं की आलं घातलेल्या, उकळत्या चहात आपण थंड दूध ओततो. चहा वेगळा उकळून गाळा, दूध वेगळं गरम करा आणि शेवटी कपात एकत्र करा. एकत्र केल्यावर पुन्हा उकळू नका.

दही

दूध 42 अंशांपर्यंत निववा. थर्मामीटर नसेल तर करंगळी बुडवून दहा आकडे मोजून होईपर्यंत चटका सहन व्हायला हवा. त्यात अर्धा चमचा साखर घाला, कारण शेंगदाण्याच्या दुधात जिवाणूंच्या तोंडी लागेल अशी साखर कमी असते. आता विरजण. ताज्या हिरव्या मिरच्यांचे आठ-दहा देठ, टोपीसकट, पाण्यातून नुसते हिसळून घ्या आणि दुधात बुडवा. या देठांवर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू असतात, दह्याला तेच हवे असतात. मिरची तुटू देऊ नका, बी पडलं तर दही तिखट होतं. झाकून दहा-बारा तास हलवू नका.

पहिलं दही सैल लागतं. वास आंबट, पण चमच्यात धरलं की ओघळतं. इथेच बरेच जण नाद सोडतात. ते दही खाण्यासाठी नाहीच, ते विरजण आहे. देठ काढून टाका आणि त्यातले दोन चमचे पुढच्या दुधाला लावा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला वाटी कलती केली तरी न हलणारं दही लागतं.

वेळ मात्र ऋतूवर. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा 44-45 वर जातो तेव्हा चार-पाच तासांत दही तयार असतं. त्यानंतर एक तास जरी बाहेर राहिलं तरी चरचरीत आंबट. त्या दिवसांत भांडं ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवा, आणि विरजण दुपारी नको, रात्री लावा. डिसेंबरच्या थंडीत उलटं. भांडं गोधडीत गुंडाळा किंवा ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवा.

खाली हिरवट पाणी आणि वर गोळा असं झालं तर वेळ किंवा उष्णता जास्त झाली. ते वाया जात नाही, मलमलीत टांगून चक्का करा. अजिबात लागलं नाही तर विरजण कढत दुधात पडून मेलं किंवा दूध पातळ होतं. तार सुटत असेल, गुलाबी-काळे ठिपके दिसत असतील किंवा कुबट वास असेल, तर सरळ फेका आणि विरजणही नवं करा. कडू लागलं तर दोष दह्याचा नाही, दाणा जुना आणि खवट होता.

कढी करताना दोन वाट्या ताकाला दीड चमचा बेसन थंड असतानाच फेटून घ्या आणि उकळी फुटेपर्यंत ढवळत राहा. बेसनाशिवाय हे ताक गरम झालं की हमखास फुटतं. मांड्यांबरोबर मात्र शेंगदाण्यापेक्षा नारळाचं दूध बरं, पुरणाच्या गोडीला ते जुळतं. बट्टीला तेलाचं मोहन द्या आणि भाजल्यावर फोडून कोमट घाण्याच्या तेलात बुडवा. वनस्पती तूप हा त्यावरचा उपाय नव्हे.

गाळून उरलेला चोथा ठेच्यात, रश्श्यात, भाकरीच्या पिठात घाला. उन्हाळ्यात तीन तासांच्या आत वापरा, नाहीतर ताटात पातळ पसरून वाळवा.

औषधाच्या पेटीत आणि दुकानात

बी-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. दही, आंबवलेलं पीठ, स्पिरुलिना नावाचं शेवाळ, कशावरही विसंबू नका. रोज 10 मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा 2000 मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी, आणि वर्षातून एकदा रक्त तपासून डॉक्टरांशी बोलावं. कमतरता आधीच असेल तर मात्रा डॉक्टर ठरवतील. हातापायाला मुंग्या येईपर्यंत थांबू नका. मऊ कॅप्सूलचं कवच बहुतेकदा जिलेटिनचं, म्हणजे हाडं-कातड्याचं असतं, म्हणून साधी गोळी मागा. डी-3 सहसा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढतात; डी-2 किंवा दगडफुलाच्या जातीपासून काढलेलं डी-3 चालतं.

पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, दूधविरहित नव्हे. 2022 च्या नियमांनुसार व्हीगन, म्हणजे कोणताही प्राणिज घटक नसलेल्या, पदार्थांसाठी वेगळं चिन्ह आहे: हिरव्या चौकोनात इंग्रजी व्ही आणि त्यावर पान. ते नसेल तर घटक वाचा. व्हे, केसीन, मिल्क सॉलिड्स म्हणजे दूध. 904 म्हणजे लाखेची चकाकी, 120 म्हणजे किड्यांपासून केलेला लाल रंग. शेवभाजीची शेव साध्या बेसनाची असते, पण हॉटेलच्या रश्श्यात कधी मलई घालतात. आधी विचारून घ्या.

चूल कोणती

जनावरावरचा भार काढून तो धुराच्या वाटेने दुसऱ्या जिवांवर टाकला तर काय मिळवलं? कोळशाच्या खाणी, राख आणि तापत चाललेली हवा रानातल्या पाखरांनाही भोगावी लागते. म्हणून चुलीचा हिशेब नीट करायला हवा, आणि तो वाटतो तसा येत नाही.

14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण 180 युनिट विजेइतकी उष्णता असते. बऱ्या शेगडीवर त्यातले साठ टक्के भांड्याला लागतात, म्हणजे 110 युनिटच्या आसपास. इंडक्शनवर तेवढंच काम करायला 125 ते 130 युनिट लागतात. सिलिंडर जळून सुमारे 42 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. देशातल्या विजेची सरासरी युनिटमागे साधारण 0.7 किलो धरली, तर इंडक्शनचा आकडा 90 किलोच्या घरात जातो. दीपनगर वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्या भुसावळकरांना रोज दिसतात, ती वीज कोळशाचीच. म्हणजे नुसत्या तारेवरच्या विजेवर इंडक्शन लावून धूर कमी होत नाही, दुप्पट होतो. छतावर स्वतःचं सौर पॅनेल असेल आणि स्वयंपाक ऊन असताना होत असेल, तरच गणित उलटतं. आमचं मत स्पष्ट आहे: पॅनेल नसेल तर आहे तो गॅस जपून वापरा, प्रेशर कुकर लावा, आणि पैसे आधी सौर कुकरच्या पेटीत घाला.

पेटीचा सौर कुकर खान्देशात पावसाळा सोडून जवळपास वर्षभर चालतो. सकाळी साडेनऊला काच पुसून रिकामी पेटी उन्हात ठेवा, दहाला भांडी आत. भात दोन तास, भिजवलेली तूरडाळ अडीच तास. भांडी बाहेरून काळी आणि उथळ हवीत, पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी. आरशाची तिरीप काचेवर पडेल असा कोन दर तासाला बदला. दाणे भाजायला तर याच्यासारखं साधन नाही: 300 ग्रॅम एका थरात, झाकण न लावता, दीड-दोन तास. करपत नाहीत. शेंगदाण्याचं दूध मात्र यात उकळू नका. हळूहळू तापताना ते आंबतं.

एक सूचना विजेच्या इतर वस्तूंबद्दल. मोबाइल, टीव्ही यांत कुठेतरी प्राणिज डिंक असेल का, ही चिंता करण्यात वेळ घालवू नका. 1944 मध्ये इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी निघाली. तिच्या आजच्या व्याख्येतसुद्धा शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं, असेच शब्द आहेत. आहे तो फोन दोन वर्षं जास्त वापरणं अधिक उपयोगाचं. पट्टा-पाकिटाला नकली चामडं घेतलंत तर इथल्या उन्हात ते लवकर पापुद्रे सोडतं. जाड सुती कॅनव्हास टिकतो.

छतावर

एक किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. दुपारच्या इंडक्शनसाठी दोन किलोवॉट बरे. केंद्र सरकारच्या 2024 च्या सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 रुपये, आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला एकूण 78,000 रुपये अनुदान ठरलं. पॅनेलचं तोंड दक्षिणेला, कल 21 अंशांच्या आसपास, कारण धुळे-जळगाव त्याच अक्षांशावर आहेत. पॅनेल 25 अंशांच्या वर जसं तापतं तशी अंशामागे 0.35 ते 0.4 टक्के वीज घटते. मेमध्ये ते 65 अंशांवर जातं, म्हणजे पंधरा टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवू नका, खाली वीतभर मोकळी जागा हवी. पॅनेल धुवायचं ते सूर्य वर येण्याआधी. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर काच तडकू शकते, आणि बोअरचं पाणी तसंच वाळू दिलं तर क्षाराचे पांढरे डाग बसतात. लगेच पुसा.

त्याच मोकळ्या वीतभर जागेत कबुतरं घर करतात. विष्ठेने वीज घटते, काड्यांनी तारा दबतात, तेव्हा जाळी लागतेच. पण नायलॉनची जाळी नको, तिच्यात पाय अडकून पाखरं उन्हात मरतात. टोकदार खिळ्यांच्या पट्ट्याही नकोत. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली लोखंडी जाळी पॅनेलच्या कडेला क्लिपने बसवा, चौकटीला भोक पाडू नका. बसवण्याआधी प्रत्येक ओळीखाली टॉर्च मारून बघा. अंडी दिसली तर थांबा: उबवायला साधारण 18 दिवस, पिल्लं उडायला आणखी महिना-सव्वा महिना. तोवर तेवढी एक बाजू उघडी ठेवून बाकीच्या बंद करा. पिल्लं गेल्यावर काड्या काढा आणि त्याच दिवशी ती बाजू लावा, कारण कबुतराची जोडी लगेच पुन्हा अंडी घालते. शेवटची क्लिप दिवसाउजेडी लावायची. अंधारात लावली तर आत झोपलेलं एखादं पाखरू किंवा खार कोंडली जाते.