खिशातली स्वस्त टॉर्च अशी पारखा

दुकानात नव्या सेलवर कुठलीही टॉर्च झकास वाटते. म्हणून ती चालू ठेवूनच तळहातावर पाच-सहा वेळा ठोका. उजेड लुकलुकला तर आतली स्प्रिंग किंवा बटण ढिलं आहे. स्वस्त टॉर्च बहुतेक इथेच दगा देते, एलईडी सहसा जात नाही. मागचं झाकण दोन-तीनदा फिरवून लावा. आटे तिरके बसत असतील तर ती घेऊच नका, दहा रुपये कमी केले तरी.

घरी आणल्यावर अर्धा तास सलग पेटती ठेवा. थोडी मंद होईल, ते चालतं. पण हाताला चटका बसायला नको.

पावसाळ्यात रात्री शेतावर जाणाऱ्याने पाण्याची परीक्षा घ्यावीच, वाटेत साप दिसला पाहिजे. सेल काढा, आत कोरड्या टिश्यू पेपरची घडी घाला, झाकण घट्ट लावून पाण्याने भरलेल्या तांब्यात दहा मिनिटं बुडवा. कागद ओला निघाला तर झाकणाची रबरी रिंग बघा. ती बऱ्याचदा नसतेच, किंवा वाकडी बसलेली असते. सेल घालण्याआधी टॉर्च पूर्ण वाळू द्या.