टर्बो इंजिनची हवा आणि एचपी ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर कशी काढावी: दाब साताऱ्याचा भरा, समुद्राचा नको

टर्बोचे (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचे) बहुतेक ऑनलाइन कॅल्क्युलेटर वातावरणाच्या दाबाच्या चौकटीत १४.७ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आधीच भरून ठेवतात. हा समुद्रसपाटीचा आकडा. सातारा शहर साधारण ७४० मीटरवर आहे, तिथे हा दाब १३.४५ च्या आसपास असतो. सांगली ५५० मीटरवर, म्हणून पावणेचौदा. महाबळेश्वरला जेमतेम साडेबारा. ती एक चौकट तशीच सोडली तर साताऱ्याच्या गाडीचं गणित मुंबईच्या हवेवर होतं.

मोबाइलवरच्या हवामान अ‍ॅपमधून दाब उचलू नका. ते १०१० मिलिबारच्या आसपासचा आकडा दाखवतात, पण तो समुद्रसपाटीला नेऊन ठेवलेला असतो. खरा दाब गाडीच सांगते. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या निदान सॉकेटला जोडायचं उपकरण) लावा, चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका आणि मॅप सेन्सरचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं, रीडिंग बघा. साताऱ्यात ९२–९३ किलोपास्कल दिसायला हवेत, सांगलीत ९५ च्या आसपास. इंजिन बंद असताना १०० दिसत असेल तर सेन्सर किंवा अ‍ॅप यांपैकी एकात गडबड आहे. ती आधी सोडवा.

उदाहरणाला टाटा नेक्सॉनचं १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन घेऊ: ११९९ सीसी, ५५०० आरपीएमला १२० पीएस. पीएस आणि एचपी एकच नव्हेत. १२० पीएस म्हणजे ११८.४ एचपी.

पायरी १: इंजिन किती हवा गिळतं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीइतकी हवा ओढतं. ५५०० आरपीएमला हे मिनिटाला ३२९७ लिटर होतात. सिलिंडर सहसा पूर्ण भरत नाही, म्हणून व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी (सिलिंडर किती टक्के भरतो ते) भरावी लागते. सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाला ९० टक्के धरा, दोन व्हॉल्व्हच्या जुन्या इंजिनाला ८० ते ८५. ९० टक्क्यांनी २९६७ लिटर, म्हणजे १०५ सीएफएम (घनफूट प्रति मिनिट). काही जण टर्बो आहे म्हणून इथे १५० टक्के टाकतात आणि खाली बूस्टही (टर्बोने चढवलेला जादा दाब) भरतात. अशाने टर्बो दोनदा मोजला जातो.

पायरी २: मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला दाब. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. स्कॅनरवरचा मॅप हा निरपेक्ष (शून्यापासून मोजलेला) दाब असतो, तर डॅशबोर्डवरचं बूस्ट गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतं. कॅल्क्युलेटर नेमकं काय मागतो ते वाचूनच आकडा भरा. आपण बूस्ट ०.८ बार, म्हणजे ८० किलोपास्कल धरू (हे गृहीतक आहे, कंपनीचा आकडा नव्हे). साताऱ्यात मॅप ९२.७ अधिक ८०, म्हणजे १७२.७ किलोपास्कल. हेच १७२.७ चुकून बूस्टच्या चौकटीत टाकले तर इंजिन थेट १८० एचपीच्या घरात जातं.

स्वतःच्या गाडीचं रीडिंग घेताना अ‍ॅपमध्ये लॉग सुरू ठेवा, रिकाम्या सरळ रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम चढवा आणि गाडी थांबवून मगच आकडे बघा. यवतेश्वर किंवा पसरणी घाटात हा प्रयोग करू नका. साध्या ओबीडीवर मॅप २५५ किलोपास्कलच्या वर दिसतच नाही. जास्त बूस्टच्या डिझेल गाडीत काटा तिथेच अडकला तर तो खरा दाब समजू नका.

पायरी ३: हवेचं तापमान. कॅल्क्युलेटर २५ अंश भरून ठेवतो. एप्रिलमध्ये साताऱ्यात बाहेरच ३८ असतात. कॉम्प्रेसरची (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाची) एफिशियन्सी ७० टक्के धरली तर दाबलेली हवा १३५ अंशांपर्यंत तापते, आणि ठीकठाक इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) ती ६० वर आणतो. तेच ६० भरा. दर १० अंशांना ताकद साधारण ३ टक्के कमी होते, म्हणून डिसेंबरच्या पहाटे तीच गाडी जोरात वाटते.

पायरी ४: हवेचं वजन आणि एचपी. १७२.७ किलोपास्कल आणि ६० अंशांना हवेची घनता १.८१ किलो प्रति घनमीटर येते. २.९६७ घनमीटरने गुणल्यावर मिनिटाला ५.३६ किलो, म्हणजे ११.८ पौंड. पेट्रोलला एका पौंडामागे ढोबळमानाने १० एचपी धरतात: ११८ एचपी. कंपनीच्या आकड्याशी जुळलं, पण हुरळून जाऊ नका, बूस्ट आपणच धरला होता. हे १० येतात १२ च्या एअर-फ्युएल रेशोवर (एका वजनी भाग इंधनाला १२ भाग हवा) आणि ताशी एचपीमागे ०.५० पौंड इंधनावर. इंधन ०.५५ धरलं की तीच हवा १०७ एचपीच देते. डिझेलला तर हा १० चा नियम लावूच नका. रेशो २० आणि इंधन ०.३८ धरलं तर पौंडामागे आठच एचपी पडतात. टर्बो ट्रॅक्टर किंवा पिकअपचा हिशोब फुगतो तो इथेच.

दोन कॅल्क्युलेटर एकाच इंजिनाला १०५ आणि १९० सीएफएम दाखवतील आणि दोन्ही बरोबर असतील. पहिला मॅनिफोल्डमधल्या दाबलेल्या हवेचं आकारमान सांगतो, दुसरा टर्बोच्या तोंडाशी असलेल्या पातळ हवेचं. तुलना करायची तर पौंड प्रति मिनिटातच करा.

पायरी ५: टर्बोच्या नकाशावर (कंपनीच्या प्रेशर रेशो आणि हवेच्या आलेखावर) बिंदू. टर्बो बदलायचा असेल तरच ही पायरी. प्रेशर रेशो (टर्बोतून बाहेर पडणारा दाब भागिले आत जाणारा दाब) काढताना इंटरकूलर आणि होजमध्ये जाणारे ७ किलोपास्कल वर मिळवा, एअर फिल्टर खातो ते साडेतीन खालून वजा करा: १७९.७ भागिले ८९.२, म्हणजे २.०१. समुद्रसपाटी धरून आणि हे दोन्ही विसरून केलं तर १.७९ येतं. उसाच्या हंगामात शेतरस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर धुळीने भरला आणि तोटा ६ वर गेला, की रेशो २.०७. तेवढाच मॅप महाबळेश्वरला टिकवायचा तर २.१८ लागतो, म्हणजे टर्बोला जास्त जोरात फिरावं लागतं.

नकाशावर हवेचं वजनही जसंच्या तसं मांडायचं नाही. गॅरेट या टर्बो कंपनीचे नकाशे २९ अंश आणि १३.९५ पीएसआयवर बेतलेले असतात. त्या हिशोबाने आपले ११.८ पौंड १२.९ होतात. बिंदू डावीकडच्या सर्ज रेषेला (जिच्या पलीकडे हवा उलटी फिरते) चिकटला तर टर्बो फडफडतो, उजव्या टोकाला गेला तर हवा कमी आणि उष्णता जास्त मिळते.

आता बूस्ट वाढवून बघायचा असेल तर आधी मूळ गाडीचा आकडा जुळवा. मॅप आणि तापमान स्कॅनरचे घ्या, फक्त व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी थोडी खालीवर करा, मग तिला हात लावू नका. आपल्या उदाहरणात ०.२ बार वाढवले तर हवा ६४ अंशांवर जाते आणि १३० एचपी येतात. हे कागदावरचे १२ एचपी. पेट्रोल नॉक करू लागलं (वेळेआधी स्वतःहून पेटू लागलं) की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इग्निशन मागे घेतो, आणि ते कुठल्याच कॅल्क्युलेटरला दिसत नाही. उलट स्कॅनरवर मॅप अपेक्षेपेक्षा कमी दिसला तर रिमॅपच्या (ईसीयूच्या सेटिंग बदलण्याच्या) मागे लागण्याआधी मेस्त्रीकडून इंटरकूलरच्या होजचे क्लॅम्प आणि वेस्टगेट (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) तपासून घ्या.

गाडी डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरांवर) चढवली तर तिथला आकडा चाकांवरचा असतो. पुढच्या चाकांच्या गाडीत १२ ते १५ टक्के गिअरबॉक्स आणि ड्राइव्हशाफ्टमध्ये जातात असं धरतात, त्यामुळे ११८ चे १०० ते १०४ दिसले तर गणित बरोबर आहे.