दारू पिणाऱ्या भावाला समोर बसवण्याआधी

पहिली बैठक त्याच्याशिवाय घ्या. आमच्याकडे ती मामांच्या घरी झाली. आई, वहिनी, मामा आणि मी, एवढीच माणसं. ज्या काकांबरोबर भाऊ प्यायला बसायचा त्यांना निरोप दिला नाही, आणि दुसऱ्याच वाक्याला हात उगारणाऱ्या चुलतभावालाही नाही. ज्याच्या शब्दाला तो अजून मान देतो असं एक तरी माणूस हवंच. आमचे मामा तसे.

या बैठकीत त्याच्या दारूवर नाही, आपल्यावर बोलायचं. पैसे कोण देतं? "पोट बिघडलंय, आज येणार नाही" असा कारखान्यात फोन कोण करतं? बारची उधारी कोण भागवतं? आमच्याकडे उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. आई मान खाली घालून पदराशी चाळा करत होती. सकाळी त्याचे हात कापायला लागले की तिला बघवायचं नाही, मग दोनशे रुपये पुढे व्हायचे. अशा आईला दटावून काही होत नाही. मामांनी तिला दुसरं काम दिलं: "तो कितीही वाजता येऊ दे, गरम जेवायला वाढ. पण तुझा बटवा तुझ्याकडे राहणार नाही." आईला देणं बंद कर म्हणू नका, काय द्यायचं ते बदला. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं.

अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास हेच सांगतो. सगळ्यांनी मिळून अचानक समोर बसवायच्या पद्धतीने साधारण ३० टक्के माणसं उपचाराला आली. ज्या घरच्यांना आधी स्वतःचं वागणं बदलायला शिकवलं, तिथे ६४ टक्के. म्हणून कोंडीत पकडू नका. "उद्या सकाळी मामा येणार आहेत, तुझ्या पिण्याबद्दल बोलायचंय," असं आदल्या दिवशी सांगून ठेवा.

तो हो म्हणाला तर त्याच दिवशी निघता यायला हवं. डॉक्टर, खाट, गाडी, पैसे आधीच ठरवा. रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडू नका. शेवटच्या घोटानंतर काही तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, माणूस बरळतो, जीवावरही बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीत हा धोका आवरता येतो. आणि चहात कालवायचं 'दारू सोडवायचं औषध' कुणी आणून दिलं तर घेऊ नका. डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायला डॉक्टर देतात ते औषध, न सांगता पोटात गेलं आणि त्यावर दारू पडली तर रक्तदाब कोसळू शकतो.

वेळ सकाळची ठेवा. पगाराचा दिवस नको, सण नको. तो मारहाण करत असेल तर ही बैठक घेऊच नका. आधी बायको-मुलांना सुरक्षित जागी हलवा, गरज पडली तर ११२ ला फोन करा.

प्रत्येकाने बोलायचं ते कागदावर लिहून आणावं. "तू कायम असाच", "तुला लाजच नाही" हे खोडून टाका. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच ठेवा. वहिनीने वाचलं: "चिनूच्या सहलीचे पैसे मी रव्याच्या डब्यात ठेवले होते. सकाळी डब्यात नुसता रवा होता. ती गणवेश घालून उंबऱ्यावर बसून राहिली. तुम्ही पीत नाही त्या दिवशी तिच्या वेण्या तुम्ही घालता, आणि ती शाळेत सगळ्यांना सांगते." तोवर भाऊ प्रत्येकाशी वाद घालत होता, इथे त्याला बोलता येईना. चिनूला मात्र आम्ही शेजारी पाठवलं होतं. लेकरांना बापापुढे उभं करून बोलायला लावणं मला मुळीच पटत नाही.

मागायचं एकच: "आज माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल." आईच्या डोक्यावर हात, अंगारा, देवाची शपथ, काही मागू नका. शपथ मोडली की त्या शरमेपायी तो आणखी पितो.

नाही म्हणाला तर भांडू नका. आपण काय करणार ते सांगा, आणि निभावेल तेवढंच सांगा. मामा म्हणाले, "बाळ, उधारी यापुढे मी भरणार नाही. पण दवाखान्यात जायचं म्हणशील तेव्हा रात्रीचे दोन वाजले तरी गाडी काढीन." त्या दिवशी तो उठून गेला. मामांनी उधारी खरंच भरली नाही, आईने बटवा मागितला नाही, आणि पुढे एका पहाटे त्याचाच फोन मामांना गेला.

घरातून उचलून नेणाऱ्या केंद्रांपासून सावध राहा. नोंदणी आहे का, डॉक्टर कधी येतात, घरच्यांना भेटू देतात का, विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. चौकशीसाठी १४४४६ ही नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पुण्यात १९८६ पासून चालू असलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात घरच्यांशीही बोलतात, आणि पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या बैठका असतात. तो दाखल झाला की आईने आणि बायकोनेही तिकडे जायला सुरुवात करावी. पगाराचं कार्ड कुणाकडे राहील, या वर्षी कुठल्या लग्नांना जायचं नाही, हे तो घरी यायच्या आधी ठरवा, त्याला विचारून.