बायोटेक संस्थापकांच्या गोष्टी वाचून कंपनी काढताय? निदान या चुका टाळा

परवा पुन्हा एक पिच डेक (गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड्सचा संच) हातात आला. तिसऱ्या स्लाइडवर जेनेनटेक, चौथ्यावर मॉडर्ना, आणि स्वतःच्या रेणूचा पहिला आलेख थेट सतराव्या स्लाइडवर. मी हल्ली डेक मागून पुढे वाचते. त्याने वेळ वाचतो, चिडचिड मात्र टळत नाही.

बारा वर्षं प्रयोगशाळेत काढली, त्यातली शेवटची चार एका स्टार्टअपमध्ये. ती कंपनी आता नाही. त्यानंतर गुंतवणूकदारांसाठी एकच काम करते: समोरचा सांगतोय ते विज्ञान खरं आहे का, हे तपासायचं. त्यामुळे लोक कुठे घसरतात ते आता तोंडपाठ झालंय. गंमत म्हणजे घसरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी यशस्वी संस्थापकांच्या मुलाखती मन लावून ऐकलेल्या असतात. ऐकायचं ते सोडून भलतंच ऐकलेलं असतं, एवढंच.

मधली वर्षं गाळून वाचणं

जेनेनटेकची गोष्ट सगळ्यांना येते. १९७६ साल, तिशीही न गाठलेला रॉबर्ट स्वान्सन हर्बर्ट बॉयर या शास्त्रज्ञाला फोन करतो, भेट ठरते, गप्पा रंगतात, दोघं पाच-पाचशे डॉलर घालतात आणि एक अख्खा उद्योग जन्माला येतो. यावरून नवशिके काय शिकतात? फोन करावा, नोकरीवर लाथ मारावी, धाडस करावं. स्वान्सनने नोकरीवर लाथ मारली नव्हती, त्याची नोकरी सुटली होती. पण ते सोडा.

खरा धडा पुढच्या वर्षात आहे आणि तिथवर कुणी वाचतच नाही. स्वान्सनला हवं होतं इन्सुलिन. बाजार तिथेच होता. पण त्यांनी आधी हात घातला सोमॅटोस्टॅटिनला. हे जेमतेम चौदा अमिनो आम्लांचं हार्मोन, इन्सुलिनमध्ये एक्कावन्न असतात. जिवाणूकडून माणसाचं प्रथिन बनवून घेता येतं का, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर आधी स्वस्तात मिळवायचं होतं. गुंतवणूकदार टॉम पर्किन्सने पहिल्यांदा दिले फक्त एक लाख डॉलर, आणि तेही स्वतःची लॅब न बांधता काम बाहेरच्या संस्थांकडून करून घ्यायचं या बोलीवर. १९७७च्या उन्हाळ्यात पहिला प्रयत्न सपशेल फसला. जिवाणू ते इवलंसं प्रथिन बनवता बनवताच फस्त करत होते. मग ते एका मोठ्या प्रथिनाला जोडून बनवलं आणि नंतर कापून वेगळं केलं, तेव्हा कुठे जमलं. इन्सुलिन १९७८मध्ये झालं आणि औषध म्हणून मंजुरी मिळाली १९८२मध्ये, तीही एलाय लिली या जुन्या, मोठ्या कंपनीच्या खांद्यावर बसून.

म्हणजे ही गोष्ट धाडसाची कमी आणि धोका तुकड्यातुकड्याने विकत घेण्याची जास्त आहे. डेकमध्ये मात्र उरतात ते पाचशे डॉलर.

रीजेनेरॉनचंही तसंच. लेन श्लायफर या न्यूरॉलॉजिस्टने १९८८मध्ये कंपनी काढली. एएलएस या मज्जातंतूंच्या रोगावरचं त्यांचं पहिलं मोठं औषध १९९४मध्ये चाचणीत आपटलं. तेच प्रथिन थोडं बदलून लठ्ठपणावर आजमावलं, तेही २००३मध्ये बसलं. पहिली मंजुरी मिळाली २००८मध्ये, एका अतिदुर्मीळ आजारासाठी. कंपनीचं नशीब पालटलं ते २०११मध्ये, डोळ्यांच्या औषधाने. तेवीस वर्षं! मुलाखतीत हा सगळा काळ 'काही चढउतारांनंतर' या दोन शब्दांत उरकला जातो.

आणि एमआरएनए लशींचा पाया घालणाऱ्या कॅटलिन कारिको. त्यांना नोबेल मिळालं २०२३मध्ये हे सगळ्यांना ठाऊक असतं. १९९५मध्ये विद्यापीठाने त्यांची पदावनती केली होती, हेही आता बऱ्याच जणांना माहीत असतं, कारण त्यात नाट्य आहे. पण मधे २००५चा शोधनिबंध आहे. एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायचा निरोप देणारा रेणू, त्यातला एक घटक किंचित बदलला की शरीर त्यावर तुटून पडत नाही, हे कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी त्यात दाखवलं. सगळी गोष्ट त्या एका रासायनिक बदलावर उभी आहे. 'मी हार मानली नाही' हे वाक्य टी-शर्टवर छापायला बरं. हार न मानणारे शेकड्याने असतात, त्यातल्या बहुतेकांकडे तो २००५चा निबंध नसतो.

माझी सवय सांगते, पटली तर घ्या. कुठल्याही संस्थापकाची मुलाखत ऐकताना मी कागदावर तीन रकाने आखते: साल, प्रयोग, पैसा कुणाचा. 'आम्ही झपाटलो होतो' हे तिन्हींपैकी कुठेच बसत नाही, म्हणून ते लिहायचं नाही. तासाभराच्या मुलाखतीतून बहुतेक वेळा पाच-सहा ओळी निघतात. ज्या सालांसमोर पैशाचा रकाना कोरा राहतो, तिथे मी थांबते. तिथे कुणीतरी पगार दिलाय, कुणीतरी घर चालवलंय, नाहीतर एखाद्या मोठ्या कंपनीने करार केलाय. ते शोधायचं.

एकाच कुपीवर कंपनी उभी करणं

आता माझ्या वर्मावरचं. हे मी दुसऱ्याचं म्हणून सांगू शकले असते, पण सही माझी होती.

आमच्या स्टार्टअपकडे एक रेणू होता. एका एन्झाइमला तो इतक्या कमी मात्रेत गप्प करायचा की आलेख बघून हेवा वाटावा. गुंतवणूकदारांनी पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचं कबूल केलं होतं आणि पहिला हप्ता सुटण्यासाठी कुणीतरी लिहून द्यायचं होतं की प्रयोग पुन्हा करून पाहिला, निकाल तोच आला. ते मी लिहून दिलं. खोटं नव्हतं. मी तो प्रयोग तीनदा केला होता. त्याच कुपीतून, त्याच बाकावर, माझ्याच हातांनी.

तपकिरी काचेची कुपी, झाकणावर निळ्या शाईने 'बॅच २', बर्फाने अर्धा आकडा पुसलेला. आमचा जवळजवळ सव्वा वर्षाचा डेटा त्या एका कुपीतून आला होता. ती संपत आली तेव्हा बाहेरच्या कॉन्ट्रॅक्ट लॅबकडून नवी बॅच बनवून घेतली. शुद्धता जुन्यापेक्षा चांगली. परिणाम शून्य. आलेखावर सरळ आडवी रेघ.

पुढचे साडेचार महिने आम्ही जगातल्या सगळ्यांना दोष दिला. आधी कॉन्ट्रॅक्ट लॅबला, मग पोस्टाने येताना लागलेल्या उन्हाला, मग बफरला, मग पिपेटला. एका बिचाऱ्या नव्या तंत्रज्ञ मुलीला आम्ही तोच प्रयोग अकरा वेळा करायला लावला, जणू तिच्या हातातच खोट होती. तिनेच शेवटी विचारलं, "मॅडम, जुनी बॅच बनवली कशी होती?" ते कुणीच पाहिलं नव्हतं. जुन्या केमिस्टची वही काढली. शेवटच्या पायरीत जस्ताची पूड वापरलेली. नव्या लॅबचा मार्ग वेगळा होता, त्यात जस्त नव्हतंच.

उरलेल्या जुन्या नमुन्यात ईडीटीए टाकलं. ते धातूला पकडून ठेवतं आणि आमच्या एन्झाइमला त्याचा त्रास नव्हता. दुपारचे दोन वाजले होते. साडेचारपर्यंत आमचा अद्भुत रेणू मेला होता. दुसऱ्या दिवशी नुसतं झिंक क्लोराइड घालून पाहिलं, हुबेहूब तोच आलेख. आम्ही सव्वा वर्ष जस्ताचं पेटंट घ्यायला निघालो होतो.

अडीच तासांची चाचणी. ती पहिल्या आठवड्यात का केली नाही, याचं माझ्याकडे एकच प्रामाणिक उत्तर आहे: आलेख फार देखणा होता.

हे आमच्याच कपाळी आलं असं नाही. २०१२मध्ये ॲमजेन या औषधकंपनीच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की कर्करोगातले त्रेपन्न गाजलेले शोध त्यांनी आपल्याकडे पडताळून पाहिले, आणि त्यांतले फक्त सहा टिकले. सर्ट्रिस या कंपनीला तर जीएसके या बड्या औषधकंपनीने २००८मध्ये ७२ कोटी डॉलरना विकत घेतलं. दोनच वर्षांत फायझरच्या शास्त्रज्ञांनी छापलं की सर्ट्रिसच्या रेणूंचा परिणाम चाचणीत वापरलेल्या चकाकणाऱ्या टॅगमुळे दिसत होता. मूळ गटाने पुढे त्याला उत्तर दिलं, वाद झाला, पण २०१३पर्यंत ते युनिट बंद झालं होतं.

तेव्हापासून माझा नियम: दुसरी बॅच, दुसरे हात, दुसरी जागा. तिन्ही झाल्याशिवाय मी मत देत नाही. 'आमच्याकडे वेळ नाही' म्हणणाऱ्याला मी साडेचार महिन्यांचा हिशेब सांगते. आणि संस्थापकाला पहिल्याच भेटीत विचारते, कुठला प्रयोग फसला तर तुम्ही हे बंद कराल? उत्तर द्यायला वेळ लागला तर मला बरं वाटतं. 'फसणारच नाही' असं तडक उत्तर आलं की मी वही मिटते.

किरकोळ, पण रोज दिसणाऱ्या

आधी परिषदेत बोलणं, मग पेटंटचा अर्ज करणं. स्टॅनली कोहेन आणि बॉयर यांचा जनुक जोडण्याचा निबंध नोव्हेंबर १९७३मध्ये छापून आला. कोहेन यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पेटंटचा अर्ज गेला नोव्हेंबर १९७४मध्ये, अमेरिकेतली एक वर्षाची सवलत संपायला जेमतेम आठवडा उरला असताना. अमेरिकेत पेटंट मिळालं आणि त्यातून पंचवीस कोटी डॉलरच्या वर परवाना-शुल्क आलं. बाकी जगातला हक्क निबंध छापला त्याच दिवशी गेला होता. तुमचं पोस्टर चार लोकांनीच पाहिलं, हा बचाव चालत नाही.

गुंतवणूकदाराच्या फंडाचं वय न विचारणं. साधारण दहा वर्षांचा फंड असतो. तो सातव्या वर्षात असेल तर तुमच्या औषधाला दहा वर्षं लागणार हे ऐकून तो हसेल, आणि तिसऱ्या वर्षी तुम्हाला विकायला काढेल.

मोठ्या नावांची सल्लागार-यादी. थेरानोसच्या संचालकांत अमेरिकेचे दोन माजी परराष्ट्रमंत्री होते. रक्त तपासणारी यंत्रं चालतात का, हे त्यांना कळणं शक्य नव्हतं. कंपनीच्या संस्थापिकेला २०२२मध्ये फसवणुकीबद्दल शिक्षा झाली. मी यादीतलं सगळ्यात अप्रसिद्ध नाव शोधते आणि त्यालाच फोन लावते.

बाजारभावाला पुरावा समजणं. ही गुंतवणूकदारांची खास चूक. ॲक्सोव्हंटने जीएसकेने सोडून दिलेलं अल्झायमरचं औषध पन्नास लाख डॉलर देऊन उचललं, २०१५मध्ये शेअर विकून साडेएकतीस कोटी डॉलर उभे केले, आणि सप्टेंबर २०१७मध्ये औषध चाचणीत नापास झालं. मधल्या दोन वर्षांत रेणू तोच होता, फक्त किंमत बदलली होती.

उलटी चूकही आहे: सगळे पळाले म्हणून आपणही पळणं. २०१०मध्ये रोश या बड्या कंपनीने आरएनए-इंटरफिअरन्स (जनुकाला गप्प करायचं तंत्र) सोडून दिलं. अल्नायलम ही कंपनी मात्र त्यातच टिकून राहिली. २०१६मध्ये चाचणीतल्या मृत्यूंमुळे तिलाही एक औषध बंद करावं लागलं, पण २०१८मध्ये तिच्याच दुसऱ्या औषधाला मंजुरी मिळाली. अर्थात, हे उदाहरण डेकमध्ये घालायची परवानगी मी फक्त त्यांना देते ज्यांनी स्वतःचं एखादं औषध वेळेवर बंद केलंय.

प्राध्यापकाने नोकरी न सोडता साठ टक्के हिस्सा ठेवणं. यावर बोलायची इच्छाच उरली नाही.

आणि पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली मुलं. 'थेट व्हेंचर कॅपिटलमध्ये कसं जाऊ?' असं विचारतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. स्वतःचा एकही प्रयोग शेवटास न नेलेल्या माणसाला दुसऱ्याचा प्रयोग कुठे वाकलाय ते दिसत नाही, असं माझं ठाम मत आहे. अपवाद असतील, मला भेटलेले नाहीत.

गेल्या वर्षी असाच एक जण आला होता. कंपनी काढायची होती, नाव ठरलं होतं, लोगोही तयार. त्याला म्हटलं, दुसरी बॅच दुसऱ्याकडून बनवून घे, मग ये. तो नाराज होऊन गेला. सात महिन्यांनी मेल आली. सोबत दोन आलेख, एक चांगला आणि एक पडलेला, आणि खाली एकच ओळ: 'ईडीटीए टाकून पाहिलं, दोन्हींत फरक नाही.' म्हणजे धातू नाही, दुसरं काहीतरी आहे. काल तासभर त्याच्याशी फोनवर बोलले. तिसरी बॅच पुढच्या मंगळवारी येतेय.