स्क्रीन दाखवायची, मजकूर उघडून द्यायचा की मशीनच?

चार संशोधक तीन गावांतून एकाच आलेखाकडे बघतायत आणि दर मिनिटाला "जरा मोठं करा", "मागे जा, मागे" चाललंय. अशा वेळी सॉफ्टवेअर बदलून फारसा फरक पडत नाही. समोरच्याला नुसतं बघायचंय, मजकुरात हात घालायचाय की तुमच्या मशीनवर काम करायचंय, हे आधी ठरवा. तिन्हींची साधनं वेगळी आहेत. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेतलं की त्रास सुरू होतो.

नुसतं बघायचं असेल

झूम, गूगल मीट, जित्सी यांपैकी काहीही चालेल. झूमची मोफत बैठक 40 मिनिटांत तुटते, मीटची तिघं किंवा जास्त असतील तर 60 मिनिटांत. जित्सी मुक्तस्रोत आहे, संस्थेच्या सर्व्हरवर बसवता येतं. मात्र तिथे एक हमखास फसगत होते. दोघं बोलत असतात तोवर सगळं छान, तिसरा आला की सगळ्यांचाच आवाज आणि चित्र गायब. कारण दोघांत जोडणी थेट होते आणि तिसऱ्यापासून ती सर्व्हरमार्गे जाते. त्यासाठी लागणारा यूडीपी 10000 हा पोर्ट (नेटवर्कवरचं क्रमांकाचं दार) संस्थेच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरची ये-जा अडवणाऱ्या भिंतीत, सहसा बंद असतो. सर्व्हर बसवल्यावर चाचणी नेहमी तिघांनी, आणि त्यातल्या एकाने मोबाइल डेटावरून करावी.

दाखवणाऱ्याची पहिली चूक आकाराची. तुमचा मॉनिटर 3840×2160 चा आणि बघणाऱ्याचा लॅपटॉप 1366×768 चा असेल, तर अक्षर जवळपास तिपटीने बारीक होऊन पोचतं. सुरू करण्यापूर्वी मॉनिटर 1920×1080 वर आणा, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) आणि एडिटरचा फाँट 18 ते 20 पॉइंट करा. शक्य असेल तर पूर्ण स्क्रीनऐवजी एकच खिडकी द्या; व्हॉट्सॲपचे निरोप सगळ्यांना दिसायचे टळतात. पण बऱ्याच प्रोग्रामचे मेनू आणि छोटे संवादचौकोन ही वेगळी खिडकी धरली जाते. तुम्ही मेनूवर बोट ठेवून समजावत असता आणि समोर काहीच उघडलेलं नसतं. मेनू दाखवायचे असतील तर पूर्ण स्क्रीन द्या आणि सूचना बंद ठेवा.

रंगांचं कोडं थोडं खोल आहे. व्हिडिओ दाबताना उजेडाची माहिती प्रत्येक बिंदूची ठेवतात, रंगाची मात्र सहसा चार बिंदूंना मिळून एकच. त्यामुळे निळ्या पार्श्वभूमीवरची बारीक लाल रेघ तुमच्याकडे लख्ख असते आणि पलीकडे चिखल होते. लाल आणि निळा या दोन्हींचा उजेड मुळात कमीच पडतो, आणि फरक सांगणारा रंग तर वाटेत पातळ झालेला असतो. आलेखाच्या रेषा निदान 2 पॉइंट जाड ठेवा, पांढऱ्यावर गडद रंग घ्या, दोन रेषांत रंगाबरोबर तुटक-सलग असाही भेद करा. एकेक बिंदू महत्त्वाचा असेल, म्हणजे सूक्ष्मदर्शकाची किंवा दुर्बिणीची प्रतिमा असेल, तर स्क्रीनवर विसंबूच नका. मूळ फाइल आधी पाठवा आणि प्रत्येकाने आपापल्या मशीनवर ती उघडावी.

हलत्या चित्राचंही तसंच. जित्सी मुळात स्क्रीनच्या सेकंदाला 5 चौकटी (फ्रेम) पाठवतं. मजकुराला त्या पुरतात, सिम्युलेशनच्या चित्रफितीला नाहीत. सेटिंगमध्ये 15 किंवा 30 करता येतात. झूममध्ये व्हिडिओसाठीचा वेगळा पर्याय आहे, पण तो चालू राहिला की अक्षरं पुसट होतात. चित्रफीत संपली की आठवणीने काढा.

नेट अडखळलं की लोक आधी स्क्रीन बंद करतात. उलट करा. झूमच्या आकड्यांप्रमाणे नुसत्या स्क्रीनला 50 ते 75 केबीपीएस पुरतात, तर समूहात 720पी चेहरे पाठवायला आणि घ्यायला दोन-अडीच एमबीपीएसच्या आसपास लागतात. कॅमेरे बंद करा, स्क्रीन राहू द्या.

काहीच दिसत नसेल तर दोन कारणं आधी तपासा. मॅकवर (2019 च्या कॅटलिनापासून) स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी दिलेली नसली की इतरांना फक्त वॉलपेपर दिसतो; परवानगी दिल्यावर ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावं लागतं, म्हणून हे बैठकीच्या आदल्या दिवशी उरकावं. उबुंटूसारख्या लिनक्सवर वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा) चालू असेल तर जुनी ॲप काळा चौकोन दाखवतात. लॉगिनच्या पडद्यावरच्या चाकाच्या चिन्हातून झॉर्गचं (त्याच कामाच्या जुन्या यंत्रणेचं) सत्र निवडता येत असेल तर ते निवडा, नाहीतर ब्राउझरमधून बैठकीला या.

मजकुरात हात घालायचा असेल

इथे स्क्रीन दाखवून "तिसऱ्या ओळीत स्वल्पविराम घाला" सांगत बसणं म्हणजे वेळेची नासाडी. लेखासाठी ओव्हरलीफ (ब्राउझरमध्ये लाटेकचे लेख लिहायची सेवा) किंवा गूगल डॉक्स घ्या. ओव्हरलीफच्या मोफत खात्यात एका प्रकल्पाला एकच सहकारी जोडता येतो, हे आधीच धरून चला. ज्युपिटरलॅबमध्येही (कोड आणि उत्तरं एकाच वहीत ठेवणारं साधन) एकत्र संपादनाचा विस्तार मिळतो, पण वही सगळ्यांची तशी तिच्यामागचा कर्नलही, म्हणजे कोड चालवणारा भागही, सगळ्यांचा एकच. एकाने वरचा कप्पा पुन्हा चालवला की दुसरा वापरत असलेल्या चलाची (व्हेरिएबलची) किंमत गुपचूप बदलते, आणि मग उत्तर का जुळत नाही हे शोधण्यात दुपार जाते. चालवणारा एका वेळी एकच ठेवा; बाकीच्यांनी फक्त लिहावं.

मशीनच द्यायचं असेल

व्हीएनसी (दूरच्या मशीनचा पडदा, माऊस आणि कीबोर्ड आपल्याकडे आणणारी पद्धत) जुनं आहे, पण या कामाला अजून त्याच्याइतकं भरवशाचं थोडंच. हवाईच्या माउना केआवर सुमारे 4,145 मीटर उंचीवर केक दुर्बिणी आहेत. त्यांचे दूरचे निरीक्षक उपकरणाचे पडदे व्हीएनसीतूनच बघतात. (हवाई आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे. तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवसाचे सकाळी साडेनऊ. निमंत्रणात वेळ यूटीसीमध्येच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहा.)

सर्व्हरवर टायगरव्हीएनसी (व्हीएनसीचा एक मुक्तस्रोत प्रोग्राम) टाका, डेस्कटॉप एक्सएफसीईसारखा हलका निवडा, आकार 1600×900 ठेवा. पहिलं सत्र 5901 पोर्टवर येतं, दुसरं 5902 वर. हे पोर्ट बाहेर उघडू नका. जुन्या पद्धतीच्या व्हीएनसीत पासवर्डची पहिली 8 अक्षरंच धरली जातात आणि पुढची वाहतूक उघडी (सांकेतिक न केलेली) असते. सर्व्हर फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनवरून आलेल्या जोडण्या, ऐकेल असं करा आणि प्रत्येकाने एसएसएचच्या (सांकेतिक, सुरक्षित जोडणीच्या) बोगद्यातून आपला 5901 तिकडच्या 5901 ला जोडावा. प्रत्येकाची एसएसएच किल्ली (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) वेगळी असावी. सगळ्यांचं मिळून एक खातं आणि एक पासवर्ड हे नकोच.

दुसरा माणूस आला की पहिला बाहेर फेकला जातो, ही तक्रार हमखास येते. सर्व्हर बिघडलेला नसतो. जोडताना शेअर्ड पर्याय दिला नाही तर नवी जोडणी जुन्यांना काढून टाकते. सगळ्यांनी तो पर्याय लावावा, आणि माऊस कुणाकडे हे तोंडी ठरवून इतरांनी फक्त बघण्याच्या पर्यायाने यावं. व्हीएनसीत आवाज येईल असं धरू नका. बोलणं शेजारच्या बैठकीत ठेवा.

नुसतं टर्मिनल पुरत असेल तर टीमक्स (सर्व्हरवरचं टर्मिनलचं सत्र जिवंत ठेवणारा प्रोग्राम) घ्या. दोघं एकाच सत्राला जोडले की दोघांना तेच दिसतं, खेड्यातल्या नेटवरही अडखळत नाही, आणि तुमच्याकडची वीज गेली तरी काम सर्व्हरवर चालू राहतं. शिकाऊ माणसाला फक्त वाचण्याच्या पर्यायाने जोडा.

काम संपल्यावर व्हीएनसीची खिडकी मिटवली म्हणजे सत्र संपत नाही. मेमरी अडवून ते आठवडेच्या आठवडे पडून राहतं. सत्र सर्व्हरवरून मुद्दाम बंद करा, आणि प्रकल्प सोडून गेलेल्यांच्या किल्ल्या त्याच दिवशी काढा.