काखा-जांघांतल्या फोडांच्या बायोप्सीला जाण्यापूर्वी

पेम्फिगस व्हेजिटन्सची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटून फोड आणि जाड चट्टे उठवणाऱ्या दुर्मिळ रोगाची) शंका घेऊन इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयात किंवा दुसऱ्या कुठल्या त्वचारोग ओपीडीत बायोप्सी ठरली असेल, तर आधी घरातल्या सगळ्या ट्यूब एका पिशवीत भराव्यात. काखेत, जांघेत किंवा स्तनांखाली ओलसर, जाडसर चट्टे दिसले की गजकर्ण समजून मेडिकलवरून आणलेले मलम महिनोन्‌महिने लावले जाते. त्यात बहुधा स्टेरॉइड असते आणि त्यामुळे रोगाचे मूळ रूप झाकले जाते, म्हणून रिकाम्या ट्यूबही टाकू नयेत. रक्तदाबाच्या व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात, पण स्वतःहून बंद करू नयेत.

सुरुवात पाण्याच्या फोडांनी झाली की पूच्या पुळ्यांनी, हे आठवून ठेवावे. पुळ्यांनी सुरू होणारा हालोपो प्रकार सहसा सौम्य असतो, तर फोडांनी सुरू होणारा नॉयमान प्रकार चिवट. फोड लवकर फुटतात, त्यामुळे ताज्या फोडाचा फोटो मोबाइलमध्ये असणे फार उपयोगी पडते. तोंडात व्रण असल्यास तेही सांगावे. पोह्यांवरची शेव टोचते म्हणून ती वगळून खाणाऱ्याला हे त्वचेच्या डॉक्टरांना सांगायचे सुचतच नाही.

सर्वांत महत्त्वाची चौकशी नमुन्यांची. एक तुकडा चट्ट्यातून घेऊन फॉर्मेलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या नेहमीच्या द्रवात) ठेवतात, दुसरा शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेतून इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी, म्हणजे प्रतिपिंडे चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी घेतात. दोन पेशींमधल्या जागांत जाळीसारखे दिसणारे आयजीजी हे प्रतिपिंड यातच सापडते. हा दुसरा तुकडा फॉर्मेलिनमध्ये पडला तर निकामी होतो, त्याला मिशेल द्रव हा वेगळा वाहक द्रव लागतो. ही तपासणी तिथेच होते की नमुना बाहेर पाठवावा लागेल, त्याचा खर्च किती आणि अहवाल कधी मिळेल, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे. डेस्मोग्लीन ३ (त्वचेच्या पेशी एकमेकींना जोडून ठेवणारे प्रथिन) विरुद्धच्या प्रतिपिंडांच्या तपासणीसाठी रक्तही घेतले जाऊ शकते.

त्या दिवशी सैल सुती कपडे घालावेत, कारण जांघेतल्या टाक्यांना घट्ट शिवण सोसत नाही. मधुमेह, जुना क्षयरोग किंवा कावीळ असल्यास त्यांची कागदपत्रे सोबत न्यावीत, कारण निदान पक्के झाल्यावर द्यायच्या प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड), अझॅथायोप्रिन किंवा रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा निर्णय त्यांवरही अवलंबून असतो. आणि स्टेरॉइडच्या गोळ्या आधीच चालू असतील तर तपासणीसाठी म्हणून त्या अचानक सोडू नयेत. डोस आणि सुरू केल्याची तारीख तेवढी पर्च्यावर लिहून न्यावी.