माशांच्या कातडी-खवल्यांपासून कोलॅजन कसे काढावे

मासे साफ झाल्यावर उरलेल्या ढिगात कातडी, खवले, काटे, पर, कल्ले आणि आतडी असा सगळा माल एकत्र पडलेला असतो. पहिले काम तो वेगळा करण्याचे. आतडी आणि कल्ले बाजूला काढा. त्यांच्यात कोलॅजन (कातडी-हाडांना बळकटी देणारे प्रथिन) थोडे आणि प्रथिने कुरतडणारी एन्झाइम्स भरपूर, त्यामुळे ती सोबत राहिली तर चांगला मालही बिघडवतात. कातडी सर्वांत सोपी, त्याखालोखाल खवले, आणि काटे सर्वांत वेळखाऊ. पहिल्यांदा करणाऱ्याने कातडीच घ्यावी. ताजी कातडी बर्फावर ठेवून त्याच दिवशी कामाला घ्या, नाहीतर लगेच उणे २० अंशांना गोठवा. वास मारू लागलेल्या कातडीतून काढलेल्या कोलॅजनचा वास नंतर काही केल्या जात नाही.

तापमान सगळ्यात आधी

कोलॅजनच्या रेणूत प्रथिनांच्या तीन साखळ्या दोराच्या पेडांसारख्या एकमेकींत पिळलेल्या असतात. उष्णता लागली की पीळ सुटतो आणि त्याचेच जिलेटिन होते. थंड केल्यावर जिलेटिन गोठते खरे, पण मूळचा पीळ पूर्ववत बसत नाही. गाय-डुकरांच्या कोलॅजनचा पीळ साधारण ४० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. उष्ण पाण्यातल्या तिलापियासारख्या माशांचा तिशी ओलांडल्यावर सुटतो. थंड समुद्रातल्या कॉडचा मात्र १५ अंशांच्या आसपासच सुटतो, म्हणजे खोलीतल्या टेबलावरसुद्धा. या माशांच्या कोलॅजनमध्ये पीळ घट्ट धरणारी प्रोलीन आणि हायड्रॉक्सिप्रोलीन ही अमिनो आम्ले कमी असतात. म्हणून पुढची सगळी कृती ४ अंशांना करायची: भांडी फ्रीजमध्ये, द्रावणे आधी गार केलेली, गाळण्याचे कामही बर्फात ठेवलेल्या भांड्यावर. मिक्सर वापरू नका, पाती फिरताना माल तापतो. कातडी कात्रीने अर्ध्या सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापा.

पुढची मापे १०० ग्रॅम ओल्या कातडीसाठी आहेत. चिकटलेले मांस सुरीच्या पाठीने खरवडून टाका, मगच वजन करा.

अल्कलीची धुलाई

१ लिटर गार पाण्यात ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवा. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचे नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. त्यात तुकडे घालून अधूनमधून ढवळा आणि दर ८ तासांनी द्रावण बदला. २४ तासांत तीन द्रावणे होतात. पहिले गढूळ आणि रंगीत निघते, तिसरे जवळपास स्वच्छ दिसायला हवे. मांसाची इतर प्रथिने आणि रंगद्रव्ये इथे निघून जातात.

सोडा जास्त घालून काम लवकर उरकेल असे वाटते, पण तसे करू नका. ४ ग्रॅमऐवजी २० ग्रॅम घातला तर कातडी फुगते आणि कोलॅजनच द्रावणात उतरून फेकले जाते. शेवटी गार पाण्याने धूत राहा. पीएच कागदावर ७ ते ८ दिसेपर्यंत थांबायचे नाही, कारण आत उरलेली अल्कली पुढच्या आम्लाला मारते.

चरबी

कातडी तेलकट असेल तरच ही पायरी लागते. प्रयोगशाळेत १० टक्के ब्यूटेनॉलमध्ये (९०० मिलि पाणी, १०० मिलि ब्यूटेनॉल) २४ तास ठेवतात. ते पाण्यात पुरते मिसळत नाही, म्हणून ढवळत ठेवावे लागते. शिवाय ते ज्वालाग्राही आहे आणि डोक्यात जाणारा वास सोडते. खाण्याच्या कामासाठी काढत असाल तर ते वापरूच नका, कमी चरबीची कातडी निवडा. चरबी राहिली की शेवटी पिवळट, खवट वासाचा माल हाती येतो.

खवले आणि काटे असतील तर

खवल्यांचे कोलॅजन कॅल्शियमच्या खनिजात बांधलेले असते. ते खनिज काढल्याशिवाय आम्ल आत पोचत नाही. अल्कलीच्या धुलाईनंतर १०० ग्रॅम खवले ईडीटीएच्या (कॅल्शियम पकडून बाहेर काढणारे रसायन) १ लिटर द्रावणात ठेवा. त्यासाठी डायसोडियम ईडीटीए १८६ ग्रॅम घ्या. तो नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, कॉस्टिक सोडा थोडा थोडा घालून पीएच ७.४ पर्यंत आणला की विरघळतो. २४ ते ४८ तास ठेवा आणि मध्ये एकदा द्रावण बदला. खवला बोटांत न मोडता कागदासारखा दुमडला म्हणजे झाले.

हायड्रोक्लोरिक आम्लाने (लिटरला तीव्र आम्ल ४२ मिलि) हेच काम तासा-दोन तासांत होते आणि खर्चही कमी येतो. फक्त थोडे कोलॅजन त्या आम्लासोबत वाहून जाते. वेळ असेल तर ईडीटीए बरा. काट्यांना तीच कृती, पण बारीक तोडून आणि कित्येक दिवस.

आम्लात उतरवणे

आता मुख्य पायरी. ०.५ मोलर ॲसेटिक आम्ल लागते: लिटरला ग्लेशियल (म्हणजे जवळपास शुद्ध, पाणी नसलेले) ॲसेटिक आम्ल २९ मिलि, किंवा ५ टक्क्यांचे पांढरे व्हिनेगर ६०० मिलि आणि पाणी ४०० मिलि. १०० ग्रॅम कातडीला २ लिटर घ्या. हे प्रमाण उधळपट्टीचे वाटेल, पण कातडी आम्लात फुगून पारदर्शक होते आणि १ लिटरमध्ये सगळ्याचा घट्ट गोळा होऊन ढवळता येत नाही, गाळता तर नाहीच. ४८ तास संथ ढवळत ठेवा. फेस येईल इतके जोरात नको.

द्रव अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट झाला की दुहेरी मलमलीतून गाळा. चोथा पिळू नका, गढूळपणा खाली उतरतो. त्याच चोथ्यावर १ लिटर ताजे आम्ल घालून २४ तासांनी पुन्हा गाळा आणि दोन्ही द्रव एकत्र करा.

चोथा अजून बराच उरला असेल तर त्यात कोलॅजन आहे, फक्त रेणूंच्या टोकांशी असलेल्या जोडांनी ते अडकून बसले आहे. पेप्सिन हे जठरातले प्रथिने तोडणारे एन्झाइम ही टोके कापते आणि पिळाला हात लावत नाही. मूळ कातडीच्या कोरड्या वजनाच्या १ टक्का, म्हणजे इथे साधारण ०.३ ग्रॅम पेप्सिन १ लिटर ताज्या आम्लात घालून ४८ तास ठेवा. या आम्लाचा पीएच २.५ च्या जवळ असतो, तो पेप्सिनला मानवतो. हा माल वेगळाच ठेवावा. मिठाने दोनदा साका करून पुन्हा विरघळवला की पेप्सिन निघून जाते.

मिठाने साका करणे

गाळलेल्या दर लिटर द्रवाला ५३ ग्रॅम शुद्ध मीठ, आयोडीन किंवा गुठळ्या न होण्याची पूड नसलेले. ढवळत ढवळत अर्ध्या तासात थोडे थोडे घाला. पांढरे तंतू वर येऊ लागतात. सगळे मीठ एकदम ओतले तर जिथे पडले तिथे घट्ट गुठळ्या होतात आणि त्यांच्या आत आम्ल, मीठ, इतर प्रथिने अडकतात. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. थंड सेंट्रिफ्यूज असेल तर उत्तम, नसेल तर बारीक कापडातून साका गोळा करा. थोडा वाया जाईल, पण चालते.

मीठ काढणे आणि वाळवणे

साका लागेल तेवढ्याच ०.५ मोलर आम्लात विरघळवा आणि १२ ते १४ किलोडाल्टनच्या डायलिसिस नळीत भरा (हिच्या पापुद्र्यातून मिठासारखे लहान रेणू बाहेर जातात, कोलॅजनचे मोठे रेणू आतच राहतात; किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप). नळी दोन-तृतीयांशच भरायची, आत पाणी शिरून ती फुगते. आधी ०.१ मोलर (०.५ मोलरच्या पाचपट पातळ) ॲसेटिक आम्लात एक दिवस, मग डिस्टिल्ड पाण्यात एक-दोन दिवस, दर ६ ते ८ तासांनी पाणी बदलून. बाहेरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. पांढरट ढग उठला तर मीठ अजून आहे.

त्यानंतर पातळ थर गोठवून फ्रीज ड्रायरमध्ये (गोठलेल्या मालातले पाणी निर्वातात उडवणारे यंत्र) वाळवा. पांढरा, हलका, स्पंजासारखा पापुद्रा मिळतो. फ्रीज ड्रायर नसेल तर ओव्हनचा मोह टाळा, इतक्या दिवसांची मेहनत तासाभरात जिलेटिन होते. त्यापेक्षा ०.१ मोलर आम्लातले द्रावण तसेच फ्रीजमध्ये ठेवून वापरा.

माल खरा आहे का

चिमूटभर पापुद्रा गार आम्लात विरघळवा. द्रावण दाट व्हायला हवे. मग ते ४५ अंशांना अर्धा तास ठेवा. दाटपणा एकदम पडला तर पीळ शाबूत होता. आधीपासूनच पाण्यासारखे पातळ असेल तर कुठेतरी माल तापला. प्रयोगशाळेत अतिनील शोषण मोजता आले तर कमाल शोषण २२० ते २३० नॅनोमीटरला आणि २८० ला अगदी कमी दिसावे. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन नसते आणि टायरोसिन नाममात्र असते. २८० ला उंच शिखर दिसले तर अल्कलीची धुलाई अपुरी झाली.

उरलेली अल्कली आणि आम्ल वेगवेगळ्या बादल्यांत साठवा, शेवटी सावकाश एकमेकांत ओतून पीएच ७ च्या जवळ आणा, मगच मोरीत सोडा. माशांची ॲलर्जी असलेल्यांना हा माल खायला देऊ नका.

एवढा खटाटोप प्रत्येकाला लागतोच असे नाही. जखमेवरची पट्टी, पेशी वाढवण्याचे थर यांना शाबूत पीळ हवा. पाण्यात ढवळून पिण्याची जी कोलॅजन पावडर मिळते ती मुळात तुकडे केलेलीच असते. ती हवी असेल तर धुतलेली कातडी तिप्पट पाण्यात ५० अंशांना ६ तास ठेवून जिलेटिन उतरवा आणि गाळा. पीएच ८ करून कातडीच्या कोरड्या वजनाच्या १ टक्का अल्कलेज (प्रथिनांचे तुकडे करणारे एन्झाइम) घाला, ५० ते ५५ अंशांना दोन-तीन तास ठेवा, मग ९० अंशांना १० मिनिटे तापवून एन्झाइम बंद करा. खाण्यासाठी असेल तर सोडा, आम्ल आणि एन्झाइम सगळे खाद्य दर्जाचे घ्या.